ओहोटीची वही

हर्णैला मामाच्या घराचा ओटा समुद्राकडे तोंड करून आहे. मार्गशीर्ष वद्य द्वितीया, रविवार. सकाळची ओहोटी गाठून मी खडपातून, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ पट्ट्यातून, परतले होते. सलवार गुडघ्यापर्यंत ओली, पायाला वाळू, आणि हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली वही. दिवाळीनंतर मी किनाऱ्यावरच्या स्वयंसेवक निसर्ग-अभ्यासकांचं प्रशिक्षण घेते आहे. एकूण आठ रविवार. सहा झाले, दोन उरले. किनाऱ्यावरचे जीव ओळखायचे, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि पुढे शाळेतल्या मुलांना, पर्यटकांना हा किनारा दाखवायचा, असं त्याचं स्वरूप आहे.

मामा चाळीस वर्षं होडीवर होता, त्यातली पंचवीस तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख म्हणून. आता मुलगा होडी बघतो आणि मामा ओट्यावर बसून जाळी दुरुस्त करतो. त्या सकाळी आमचं जे बोलणं झालं ते मी त्याच दिवशी लिहून काढलं. मामाला विचारूनच इथे देते आहे. त्याने मला जे प्रश्न विचारले, ते या वाटेला लागणाऱ्या प्रत्येकाला कुणीतरी विचारायलाच हवेत.

मामा : आण ती वही इकडे. बघू आज काय मिळालं.

मी : मिळालं काही नाही, मामा. काही उचलायचं नाही हा आमचा पहिलाच नियम. दगड उलटला तर जसा होता तसा परत ठेवायचा. फक्त बघायचं आणि लिहायचं.

मामा : तारीख आहे, तिथी आहे. वेळ सहा पन्नास. वारा मतलई. हे बरं केलंस. वाऱ्याशिवाय समुद्राचं काही लिहू नये. आणि हे तीन रकाने कसले? ‘पाहिलं’, ‘ऐकलं’, ‘वाटलं’?

मी : पहिल्याच रविवारी शिकवलं ते. जे आपल्या डोळ्यांना दिसलं ते ‘पाहिलं’मध्ये. दुसऱ्याने सांगितलं ते ‘ऐकलं’मध्ये. आपला तर्क ‘वाटलं’मध्ये. एकाची दुसऱ्यात सरमिसळ करायची नाही.

मामा : आणि ‘ऐकलं’मध्ये तू लिहिलंयस, ‘मामा म्हणतो, पूर्वी या खडपात कालवं पुष्कळ होती.’ माझ्या आईने इथली कालवं काढून आम्हाला वाढवलं. पोरगा असताना तिच्यामागून टोपली घेऊन मी हिंडलो. ते तुझ्या वहीत ‘ऐकलं’? आणि तू सहा रविवार आलीस, ते ‘पाहिलं’?

हा प्रश्न मला लागला. वर्गात तीन रकान्यांचा नियम ऐकला तेव्हा तो मला अगदी स्वच्छ वाटला होता. मामाच्या ओट्यावर तो तसा राहिला नाही.

मी : याचं उत्तर माझ्याकडे आत्ता नाही, मामा. पण तुझ्या मनात या प्रशिक्षणाबद्दल आणखीही काही आहे. ते सगळं बोल. मग आपण या रकान्याकडे परत येऊ.

मामा : बोलतो. किनाऱ्यावर जायचं कधी, हे तुम्हाला कोण सांगतं?

मी : भरती-ओहोटीचं कोष्टक असतं. मोबाइलवरही दिसतं.

मामा : आमच्याकडे पाऊणकीचा पाढा होता. आज द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. त्यात सहा तास घाल, साडेसातला पूर्ण ओहोटी. बंदरागणिक थोडं पुढेमागे होतं, आपल्याकडे थोडं आधी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पुनवेनंतर तिथी पुन्हा एकपासून धरायची. कागद नको, मोबाइल नको. माझ्या बापाने शिकवलं, त्याला त्याच्या बापाने. आता हे शिकायला तू वर्गात जातेस, शेवटी दाखला मिळणार, आणि लोक तुला जाणकार म्हणणार. मला कुणी म्हटलं नाही.

मी : हा हिशेब मला वर्गात कुणी शिकवला नाही, तूच शिकवलास. तो का जुळतो ते मात्र वर्गात कळलं. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. तुझी पाऊणकी म्हणजे तेच गणित. तुझ्या घराण्याने चंद्र मोजला आणि पाढ्यात बसवला. आमच्या गटात पुण्या-मुंबईहून आलेली माणसं आहेत. अष्टमीला ओहोटी बघायला गेलो तर खडप नीट उघडं पडत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

मामा : कसं पडेल? अष्टमी-नवमीला भांग. पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. खडपात जायचं ते पुनवेच्या नाहीतर अवसेच्या आजूबाजूला, उधाणाच्या दिवसांत. जेवढं वर चढतं तेवढंच खाली उतरतं. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

मी : इथल्या पोराला. म्हणून मला वाटतं, इथलीच पोरं आधी या वर्गात यायला हवीत.

मामा : त्यांना काय शिकवणार तुम्ही?

मी : माझीच गोष्ट सांगते. मागच्या वर्षी किनारा स्वच्छ करायला आम्ही गेलो होतो. मी दोन पोती कचरा भरला होता. त्यात बाटल्या होत्या, जाळ्यांचे तुकडे होते, चपला होत्या. आणि राखाडी रंगाची, रबराच्या तुटक्या कड्यासारखी दिसणारी काही वर्तुळंही होती. ती हाताला प्लास्टिकसारखी लागतात, वाकतात, तुटत नाहीत. मी ती उचलून पोत्यात टाकली. या वर्षी तिसऱ्या रविवारी कळलं की तो कचरा नव्हता.

मामा : वाळूची ती गोल पट्टी? गळपट्ट्यासारखी, एका बाजूने उघडी?

मी : तीच. तो एका शंखाच्या अंड्यांचा घेर असतो. मून स्नेल म्हणतात त्याला. गोल, गुळगुळीत शंख असतो. मादी वाळू आणि स्वतःचा चिकट स्राव यांचा थर करते, त्यात हजारो बारीक अंडी बसवते आणि आपल्या अंगाभोवती तो थर वळवत नेते. म्हणून त्याला गळपट्ट्याचा आकार येतो. ओला आणि लवचीक असला म्हणजे बहुधा आत अंडी असतात. पिल्लं बाहेर पडली की तो ठिसूळ होतो आणि वाळूत वाळू मिळून जाते. मागच्या वर्षी मी समुद्राची सेवा समजून ते पोत्यात भरले.

मामा : आम्ही ते नेहमी बघतो. पण नाव नाही त्याला आमच्यात.

मी : का नसेल?

मामा : खाता येत नाही, विकता येत नाही, चावतही नाही. कशाला नाव ठेवील कोण?

मी : आणि तिसऱ्यांच्या शिंपल्यांना एक बारीक गोल भोक असतं, ते बघितलंयस?

मामा : त्यात दोरा ओवून आमच्या बहिणी माळा करायच्या. तुझी आईसुद्धा.

मी : ते भोक तोच शंख पाडतो. तिसरीला पायाखाली दाबतो, दातांच्या पट्टीने आणि आम्लाने कित्येक तास तिचं कवच कोरतो आणि आतलं मांस खातो. भोक नीट बघ, बाहेरच्या बाजूला रुंद आणि आत निमुळतं असतं. आईच्या त्या माळेतला एकेक शिंपला म्हणजे एकेक शिकार होती.

मामाने हातातली जाळ्याची सुई खाली ठेवली. मामीला हाक मारून दारातल्या टोपलीतले रिकामे शिंपले आणायला सांगितले. त्यातल्या दोन शिंपल्यांना भोकं होती. त्याने ती बोटाने चाचपली, उजेडाकडे धरून पाहिली. चष्मा काढून पुन्हा पाहिली.

मामा : खरंच. भोवऱ्यासारखं निमुळतं आहे. साठ वर्षं हातात होतं आणि बघितलं नाही.

मी : तू जे बघितलंस ते मीही बघितलेलं नाही, मामा. तुझ्या ज्ञानात जे धरायचं, जे खायचं, ज्याला भ्यायचं त्याची बारीक माहिती आहे. पाकट कुठे दडतो, डंख मारणाऱ्या निळ्या बाटल्या कुठल्या वाऱ्याने किनाऱ्याला लागतात, हे तू सांगतोस. उरलेल्याला तुम्ही नाव दिलं नाही. आमच्या पुस्तकांत नावं आहेत, पण त्यातल्या कितीकांना वारा माहीत नाही.

मामा : बरं. पण नाव ठेवलं की पुढे काय होतं ते मी बघितलंय. 1987 साली मालवणला सागरी अभयारण्य जाहीर झालं. सुमारे 29 चौरस किलोमीटर. नकाशावर रेघ मारली आणि त्या रेघेत पिढ्यान्‌पिढ्या मासे मारणारी माणसं आली. त्यांनी विरोध केला, तो काय प्रवाळांशी वैर म्हणून नव्हे. आम्हाला विचारलं नाही म्हणून. तुम्ही आज वहीत लिहिता, इथे हा जीव आहे, तिथे तो आहे. उद्या त्याच वहीवरून आमच्या पायाखालची वाट बंद होणार नाही कशावरून?

मी : ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण वही नसेल तर काय होतं तेही बघ. उद्या इथे भराव पडणार असेल, जेटी येणार असेल, तर ‘या खडपात काहीच नाही’ असं लिहायला कुणालाही जड जाणार नाही. तुझ्या चाळीस वर्षांचा कागद नाही. माझ्या सहा रविवारांचा आहे, पण तो अपुरा आहे. कालवं इथे किती, कुठल्या महिन्यात, कोण काढतं, किती घरं त्यावर चालतात, याची नोंद असेल तर ती खडपाच्याही बाजूने बोलते आणि तुमच्याही. मालवणला 1987 च्या आधी मच्छीमारांनी स्वतः लिहिलेल्या नोंदी पुढे असत्या तर रेघ मारणाऱ्याला आधी त्या वाचाव्या लागल्या असत्या.

मामा : वाचल्या असत्या असं तुला वाटतं. ‘वाटलं’च्या रकान्यात लिही.

मी : लिहिते. बरोबर आहे तुझं.

मामा : आता कासवांचं बोल. तुमच्या वर्गात सगळ्यांना कासवांचंच वेड आहे. होळीच्या सुमाराला किनाऱ्यावर गर्दी, हातात बॅटऱ्या, मोबाइल. कासवाची मादी माणसाची चाहूल लागली, उजेड दिसला, की अंडी न घालता पाण्यात परत फिरते. कासवं वाचवायला आलेली माणसंच त्यांना घालवतात.

मी : हे सगळं खरं आहे. म्हणून एक अख्खा रविवार आम्ही फक्त ‘नाही’ म्हणायला शिकलो. दोरीच्या अलीकडे येऊ का, नाही. बॅटरी लावू का, नाही. पिल्लू हातात घेऊ का, नाही. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यांत उजळ दिसते ती समुद्राची कड, म्हणून ती पाण्याकडे धावतात. मागे हॉटेलचा दिवा असला की उलटी फिरतात. पाहुण्याला हे प्रेमाने सांगून थांबवायचं, हे मला जिवांची नावं पाठ करण्यापेक्षा अवघड गेलं.

मामा : आम्ही लहानपणी अंडी आणायचो. खोटं कशाला बोलू? पहाटे माग दिसला की काठीने वाळू टोचत जायचं, काठी मऊ लागली की तिथे खणायचं. एका घरट्यात शंभर-सव्वाशे निघायची. कुणाला त्यात गैर वाटत नव्हतं.

मी : आणि वेळासला 2002 सालापासून काय झालं? चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना आणि वनखात्याला बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पहाटे माग ओळखणारी माणसं त्यांना लागणारच होती. ते डोळे गावातच होते. अंडी जपून काढायची, कुंपणात तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची आणि पन्नास-पंचावन्न दिवस थांबायचं. 2006 पासून तिथे कासव महोत्सव होतो आणि गावातली घरं पाहुणे ठेवतात. ज्या ज्ञानाने घरटं लुटलं जायचं त्याच ज्ञानाने ते राखलं गेलं. ज्ञान बदललं नाही, त्याचं काम बदललं.

मामा : हे मला पटतं. वेळासच्या माणसांनी केलं, बाहेरच्यांनी एकट्यांनी नाही.

मी : आता वहीचा उपयोग सांगते. 2022 साली आपल्या कोकणात पाच कासवांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा, आपल्या खाडीपलीकडच्या आंजर्ल्याच्या मादीचं सावनी. पण मला त्याहून मोठी वाटते ती 2025 च्या जानेवारीतली गोष्ट. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पुढच्या पायाला धातूची पट्टी होती. तिच्यावर आकडा, 03233. ती पट्टी 2021 साली ओडिशात गहिरमाथ्याला बसवलेली निघाली. म्हणजे ही मादी बंगालच्या उपसागरातून आपल्या समुद्रात आली, अंदाजे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्वेची आणि पश्चिमेची कासवं वेगळी असं तोपर्यंत समजलं जायचं.

मामा : पट्टी कुणी बघितली?

मी : त्या रात्री किनाऱ्यावर पाळत ठेवणाऱ्या माणसांनी. अंधारात, वाळूत बसून. ‘पायाला काहीतरी होतं’ एवढंच सांगून ती घरी गेली असती तर ते ‘ऐकलं’मध्ये राहिलं असतं. पाच आकडे नीट उतरवले, म्हणून चार वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या टोकाच्या नोंदीशी गाठ पडली. एका माणसाने पूर्व किनाऱ्यावर लिहिलं, दुसऱ्याने पश्चिम किनाऱ्यावर. दोघांची कधी भेट झाली नसेल. वह्यांची झाली.

मामा बराच वेळ गप्प होता. समोर सुवर्णदुर्गाच्या तटाला पाणी चढायला लागलं होतं. मग तो हळूहळू बोलला.

मामा : दिवाळीनंतर खोल पाण्यात कासवांच्या जोड्या तरंगताना आम्ही दरवर्षी बघायचो. कुठे, किती वाव पाण्यात, मला ठाऊक आहे. कुणी विचारलं नाही, मी लिहिलं नाही.

मी : म्हणूनच मी इथे आले आहे, मामा.

मामा : थांब. अजून एक राहिलं. तुम्हाला या कामाचे पैसे मिळत नाहीत. मग किनारा बघायचं, मोजायचं काम सरकारचं, ते तुम्ही फुकट का करता? फुकट मिळतं म्हटल्यावर पगारी माणूस कोण नेमणार? आणि फुकट काम करणं कुणाला परवडतं? तुला नोकरी आहे. माझ्या सुनेला सकाळी बंदरावर मासळी घ्यायला जावं लागतं. ती रविवारचा वर्ग कसा करील?

मी : तुझ्या सगळ्या प्रश्नांत हा मला सगळ्यांत खरा वाटतो. स्वयंसेवक हा पगारी अभ्यासकाची जागा घेणारा माणूस नव्हे, आणि तसं कुणी करत असेल तर ते चूक आहे. पण इतिहास बघ. मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 साली आठ हौशी माणसांनी सुरू केली. पक्षी-अभ्यासक सालिम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. हातात नोकरीही नव्हती, तेव्हा ते अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. तिथे सुगरणींच्या वसाहतीवर महिनोन्‌महिने नजर ठेवून बसले आणि 1931 साली तो अभ्यास छापला. त्या खोप्यांखालून किहीमची माणसं रोज ये-जा करत होती.

मामा : त्यांना काय नवीन दिसलं?

मी : आपल्या भाषेत सुगरण बाई आहे. पण खोपा बांधतो नर. तो अर्धा खोपा बांधून थांबतो. मादी येऊन बघून जाते. तिला पसंत पडला तरच तो पुरा करतो, आणि ती अंड्यांवर बसली की हा दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो, दुसऱ्या मादीसाठी. सगळ्यांनी ऐकलेलं एक होतं, एकाने बसून पाहिलेलं दुसरंच निघालं.

मामा : नर बांधतो! हे तुझ्या मामीला सांगायला पाहिजे.

मी : आणि सुनेबद्दल म्हणालास, त्याचंही उत्तर कोकणातच आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. कांदळ कुठली, तिवर कुठली, मुळं चिखलाच्या वर का येतात, हे त्या सांगतात आणि त्याचे पैसे घेतात. त्यांची माहिती ही त्यांची कमाई आहे. आपल्याकडेही तसं व्हायला हवं. वर्ग हर्णैच्या बंदरावर व्हावा, लिलाव आटोपल्यावर व्हावा, रविवारीच का? शिकवणाऱ्यांत तांडेल असावेत, कालवं काढणाऱ्या बायका असाव्यात, आणि त्यांना मानधन मिळावं. आमच्या वर्गात हे झालेलं नाही. हे मी शेवटच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

मामा : नोंदीचा आम्हाला रोकडा उपयोग काय, तेवढं सांग. पोरांना पटेल असं.

मी : जाळ्यात कासव, देवमासा किंवा कायद्याने संरक्षित दुसरा जीव अडकला आणि त्याला सोडायला जाळं कापलं, तर मच्छीमाराला 25,000 रुपयांपर्यंत भरपाई द्यायची योजना महाराष्ट्रात 2018 च्या डिसेंबरपासून आहे. पण फोटो लागतो. कुठला जीव, कसा अडकला, कसा सोडला, हे दिसावं लागतं. जीव सोडणं हे पुण्य आहेच, पण नोंद नसेल तर जाळ्याचा खर्च ज्याचा त्याने सोसायचा. तुझ्या नातवाला एक चांगला फोटो, वेळ आणि ठिकाण एवढं नीट ठेवता आलं तरी त्या घराचं नुकसान टळेल.

मामा : हे त्याला कळेल. बरं, आता तुझा तो रकाना.

मी : हो. मी मघापासून त्याचाच विचार करते आहे. चूक रकान्यांची नाही, माझी आहे. ‘पाहिलं’ म्हणजे मी पाहिलं, असं मी धरून बसले. पाहणारा तूही आहेस. फक्त तुझी नोंद पूर्ण करायला हवी : कुणी पाहिलं, केव्हा, कुठे, किती. ‘पूर्वी पुष्कळ होती’ यातलं ‘पूर्वी’ आणि ‘पुष्कळ’ उलगडलं की ते ‘ऐकलं’मध्ये राहत नाही. सांगशील?

मामा : साल कसं सांगू? आम्ही सालं मोजत नाही.

मी : होडीला पहिलं इंजिन केव्हा बसवलंस?

मामा : थोरला पहिलीत गेला त्या वर्षी. म्हणजे... 1986. त्या साली आईचं कालवं काढणं चालू होतं. सुवर्णदुर्गाच्या समोरच्या खडपात. उधाणाच्या एका ओहोटीत, दोन बायका मिळून, फोडून सोललेल्या कालवांनी एक मोठा डबा भरायच्या. आता तुझी मामी अन् शेजारीण जातात. त्यांना विचार.

मामी तोपर्यंत दारात येऊन उभी होती. तिने सांगितलं की आता तेवढ्याच वेळात अर्धा डबाही भरत नाही, आणि ती बारीक कालवांना हात लावत नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवते. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी दोघांचंही लिहून घेतलं. ‘पाहिलं’ या रकान्यात, नावांसह, सालांसह, डब्याच्या मापासह.

मी : आणि कमी का झाली असं तुला वाटतं?

मामा : वस्तीचं सांडपाणी येतं. मोठ्या होड्यांचं तेल येतं. पाणीही तापलंय असं म्हणतात... नाही, थांब. हे मी बघितलेलं नाही. कालवं कमी झाली हे बघितलं. कशाने झाली ते ‘वाटलं’मध्ये लिही.

माझ्या सहा रविवारांत मला याहून चांगला धडा मिळालेला नाही. चाळीस वर्षं समुद्र वाचलेल्या माणसाने आपलंच वाक्य अर्ध्यावर थांबवलं आणि योग्य त्या रकान्यात ठेवलं. प्रशिक्षण त्याने घेतलं नव्हतं. पण ज्यासाठी ते असतं ते त्याच्याकडे होतं.

मी जे शिकले ते स्पष्ट सांगते. स्वयंसेवक निसर्ग-अभ्यासक होणं म्हणजे लॅटिन नावं पाठ करणं नव्हे, आणि दाखला भिंतीवर लावणं तर नव्हेच. एक जागा धरायची, तिथे पुन्हा पुन्हा जायचं, दिसलं ते दिसलं म्हणून आणि न दिसलं तेही न दिसलं म्हणून लिहायचं, आणि त्या जागेला आपल्या आधीपासून ओळखणाऱ्या माणसाचं नाव आपल्या नोंदीत त्याच्या मानाने लिहायचं. अनुभव माणसाबरोबर जातो, नोंद मागे राहते. पण ज्या नोंदीत तो अनुभव आलेला नाही ती पोकळ आहे. कोकणच्या किनाऱ्याला दोन्ही हवं आहे, आणि मामाच्या पिढीकडे सांगायला आता फार वर्षं उरलेली नाहीत.

तुम्ही समुद्राजवळ राहत असाल तर वर्गाची वाट बघू नका. पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची द्वितीया बघा. तिथीची पाऊणपट करा, त्यात सहा तास मिळवा, आणि त्या वेळेच्या तासभर आधी जवळच्या खडपात जा. काही उचलू नका. वही न्या, आणि शक्य झालं तर ज्याने त्या पाण्यावर आयुष्य काढलं अशा एका माणसाला बरोबर न्या. पहिला रकाना त्याच्यासाठी मोकळा ठेवा.